नॉर्स पुराणकथांतून फँटसी गेमकडे : नवख्यांनी सुरुवात कोठून आणि कशी करावी

गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाजलेल्या फँटसी गेमांची यादी काढली, तर देवांचा प्रमुख ओडिन, गडगडाटाचा देव थॉर, कारस्थानी लोकी, युद्धात पडलेल्यांना नेणाऱ्या वाल्कीरी, कबरीतून उठणारे ड्रॉगर आणि जगाचा विनाश म्हणजे रॅग्नारॉक ही नावे जागोजागी भेटतात. ती नॉर्स, म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या स्कँडिनेव्हियातल्या, पुराणकथांतली आहेत. नवा खेळाडू या जगात बहुधा उलट्या बाजूने शिरतो. आधी गेम, मग एखादा चित्रपट, आणि कुतूहल टिकलेच तर मूळ कथा, असा त्याचा क्रम असतो. या क्रमात गैर काही नाही, पण त्यामुळे उसने काय घेतले आणि नव्याने काय रचले हे कळायला मार्ग उरत नाही आणि अर्धी गंमत हातची जाते. पुढे सुचवलेला मार्ग थोडा वेगळा आहे. त्यात आधी थोडे मूळ वाचन आहे, मग मधला दुवा आणि शेवटी गेम. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आधुनिक फँटसीने या कथांतून घेतलेले खरे धन थॉरच्या हातोड्यात किंवा नावांत नाही, ते कथा चालवणाऱ्या काही नियमांत आहे. शपथेतली एखादी पळवाट, ज्ञानासाठी मोजावी लागणारी किंमत आणि सर्वांना आधीपासून ठाऊक असलेला शेवट हे ते नियम. वाचताना आणि खेळताना नजर त्यांच्यावर ठेवावी.

पायरी पहिली : साधने कोणती, हे समजून घ्या

जे लोक या देवांची पूजा करत होते, त्यांनी स्वतः या कथांचा ग्रंथ लिहून ठेवलेला नाही. त्यांच्याकडे रून ही लिपी होती, परंतु ती दगडावर, लाकडावर किंवा हाडावर छोटे मजकूर कोरण्यासाठी वापरली जाई. आज आपल्याला माहीत असलेल्या बहुतेक कथा तेराव्या शतकातल्या आइसलँडमध्ये लिहिल्या गेल्या. त्या देशाने इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला असल्यामुळे, त्या लिहून काढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतले होते.

मुख्य ग्रंथ दोन आहेत. पहिला पद्य एडा, म्हणजे जुन्या कवनांचा संग्रह. त्याचे सर्वांत महत्त्वाचे हस्तलिखित ‘कोडेक्स रेगियस’ या नावाने ओळखले जाते. ते १२७० च्या आसपास लिहिले गेले, १६४३ मध्ये एका आइसलँडी बिशपच्या हाती लागले, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे भेट म्हणून गेले आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत आले. त्याची ४५ पाने शिल्लक आहेत आणि मधली आठ पाने गहाळ आहेत. दुसरा ग्रंथ गद्य एडा. तो स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) या आइसलँडी सरदाराने १२२० च्या सुमारास लिहिला. जुन्या कवितेत सोन्याला ‘सिफचे केस’ म्हणण्यासारखे आडवळणाचे शब्दप्रयोग असत आणि कथा माहीत नसेल तर ते उलगडत नसत. नव्या कवींना ते समजावेत आणि वापरता यावेत, यासाठी स्नोरीने या कथा सांगितल्या. म्हणजे नॉर्स पुराणकथांचे सर्वांत वाचनीय साधन हेच मुळात नवख्यांसाठी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक आहे!

या इतिहासाचा गेमशी थेट संबंध आहे. साधने तुटपुंजी आणि एकमेकांशी न जुळणारी असल्यामुळे कथांत मोठ्या रिकाम्या जागा राहिल्या आहेत. ‘व्होलुस्पा’ या कवनात नऊ जगांचा उल्लेख येतो, पण ती नऊ जगे कोणती याची पूर्ण यादी एकाही जुन्या ग्रंथात नाही. गेममध्ये इग्द्रासिल या विश्ववृक्षाभोवती नऊ जगांचा जो नीटनेटका नकाशा दिसतो, तो आधुनिक अभ्यासकांनी आणि चित्रकारांनी जुळवून घेतलेला आहे. वाल्मीकींची, एकनाथांची आणि जैन परंपरेतली रामकथा एकमेकींपासून वेगळी असते हे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला इथे ‘खरी आवृत्ती कोणती’ असा प्रश्न फार काळ सतावू नये.

पायरी दुसरी : मोजक्या कथा, ठरावीक क्रमाने

दोन्ही एडा सलग वाचायला घेतल्या, तर बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच पुस्तक मिटतात. सुरुवात ‘थ्रिम्सक्विदा’ या छोट्या विनोदी कवनापासून करावी. थ्रिम नावाचा राक्षस थॉरचा हातोडा चोरतो आणि मोबदल्यात फ्रेया देवीशी लग्न मागतो. फ्रेया संतापून नकार देते, तेव्हा दाढीवाला थॉर स्वतःच नवरीचा वेश करून लग्नमंडपात जातो आणि एक अख्खा बैल व आठ साल्मन मासे फस्त करून वरपक्षाची झोप उडवतो. नवरीने तुमच्या ओढीने आठ रात्री अन्नाला स्पर्श केलेला नाही, असे सांगून दासीच्या वेशातला लोकी वेळ मारून नेतो. या एका कवनातून देवांचा स्वभाव, लोकीचे उपद्‌व्याप आणि हातोड्याचे महत्त्व अशा तिन्ही गोष्टी कळतात.

त्यानंतर स्नोरीने सांगितलेली ब्रोक आणि सिंद्री या बुटक्या कारागीर भावांची कथा वाचावी. लोकी आपले डोके पणाला लावतो आणि सिंद्रीला उत्तम वस्तू घडवता येणार नाहीत अशी पैज मारतो. सिंद्री भट्टीत काम घालतो आणि ब्रोकला बजावतो की मी परत येईपर्यंत भाता एक क्षणही थांबता कामा नये. एक माशी येऊन ब्रोकच्या हाताला चावते, दुसऱ्या वेळी मानेला चावते, तरी तो भाता सोडत नाही. तिसऱ्या वेळी ती पापणीला चावते, रक्त डोळ्यात उतरते आणि ते पुसण्यासाठी तो क्षणभरच हात उचलतो. तेवढ्याने थॉरच्या हातोड्याचा दांडा आखूड राहतो. तरीही देव हातोड्यालाच सर्वश्रेष्ठ ठरवतात. पैज हरलेला लोकी म्हणतो की डोके तुझे, पण मान माझीच आहे, तिला धक्का लावता येणार नाही. मग ब्रोक त्याचे ओठ शिवून टाकतो. शब्दांतली पळवाट हे या कथांचे आवडते हत्यार कसे आहे, ते इथे अगदी स्पष्ट दिसते.

तिसरी कथा फेनरिर लांडग्याला बांधण्याची. त्याला बांधणारी ग्लाइपनिर ही दोरी मांजरीच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी अशा सहा गोष्टींपासून बनवलेली असते. तीत कपट नाही याची हमी म्हणून टीर देव आपला हात लांडग्याच्या जबड्यात ठेवतो आणि तो हात गमावतो. चौथी कथा बाल्डर या देवाच्या मृत्यूची. त्याची आई फ्रिग ही अग्नी, पाणी, लोखंड, दगड, रोग, प्राणी अशा सर्वांकडून बाल्डरला इजा न करण्याची शपथ घेते, पण मिसलटो ही वनस्पती, म्हणजे एका जातीचे बांडगूळ, फारच कोवळे म्हणून सोडून देते. लोकी तेवढेच हेरतो आणि आंधळ्या होडच्या हातून त्या काडीने बाल्डरचा जीव घेतो. अभेद्य शत्रू आणि त्याची एकमेव कमजोरी, हा आज प्रत्येक बॉस-लढतीत, म्हणजे गेममधल्या मोठ्या शत्रूशी होणाऱ्या झुंजीत, दिसणारा साचा इथे पूर्ण तयार अवस्थेत सापडतो.

व्होलुस्पा मात्र शेवटी वाचावी. एक भविष्यवेत्ती स्त्री ओडिनला जगाच्या आरंभापासून रॅग्नारॉकपर्यंतचे सगळे सांगते, आणि आधीच्या कथा माहीत नसतील तर तिचे बोलणे कोड्यांसारखे वाटते. ओडिनला लांडगा गिळणार आहे, थॉर योर्मुनगांडर या महासर्पाला मारून नऊ पावले चालून कोसळणार आहे, हे देवांना आधीच ठाऊक आहे. आणि तरीही ते तयारी करत राहतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला एक बारकावा फार मोलाचा आहे. सुरुवातीच्या सुखाच्या दिवसांत देव अंगणात पटावरचा खेळ खेळत असतात, आणि विनाशानंतर पृथ्वी पुन्हा वर येते तेव्हा त्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या गवतात सापडतात.

भाषांतरांबद्दल थोडे सांगायला हवे. पद्य एडाचे हेन्री ॲडम्स बेलोज यांनी केलेले १९२३ चे इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे, पण त्याची भाषा जुनी वाटते. कॅरोलाइन लॅरिंग्टन यांचे भाषांतर विकत घ्यावे लागते, मात्र त्यातल्या टिपा नवख्यांना अधिक उपयोगी पडतात. गद्य एडासाठी अँथनी फॉक्स यांचे भाषांतर विश्वासार्ह मानले जाते.

पायरी तिसरी : मधला पूल

एडांमधून थेट गेममध्ये आलेल्या गोष्टी तुलनेने कमी आहेत. बऱ्याचशा गोष्टी जे. आर. आर. टॉल्किन यांच्या लेखनातून गाळून आल्या आहेत. टॉल्किन हे ऑक्सफर्डमधले भाषांचे प्राध्यापक होते आणि मूळ आइसलँडी ग्रंथ वाचण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांचे एक मंडळही चालवले होते. १९३७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द हॉबिट’मधील थोरिन, फिली, किली, बोम्बुर वगैरे बहुतेक बुटक्यांची नावे व्होलुस्पामधल्या बुटक्यांच्या यादीतून घेतलेली आहेत. गँडाल्फ हे नावही त्याच यादीतले आहे, आणि सुरुवातीच्या मसुद्यात ते जादूगाराला दिलेले नसून बुटक्यांच्या प्रमुखाला दिलेले होते. लांब दाढी, रुंद टोपी आणि काठी घेऊन भटकणाऱ्या गँडाल्फचे वेशांतर केलेल्या ओडिनशी असलेले साम्य टॉल्किन यांनी स्वतः १९४६ च्या एका पत्रात मान्य केले आहे.

नावांपेक्षा मला कोड्यांचा प्रसंग अधिक बोलका वाटतो. ‘वाफ्थ्रूदनिसमाल’ या कवनात वेश पालटलेला ओडिन एका ज्ञानी राक्षसाशी डोके पणाला लावून प्रश्नोत्तरांचा सामना खेळतो आणि शेवटी विचारतो, की चितेवरच्या बाल्डरच्या कानात ओडिन काय कुजबुजला? याचे उत्तर फक्त विचारणाऱ्यालाच ठाऊक असू शकते, आणि राक्षसाला आपण कोणाशी खेळत होतो ते तेव्हा उमगते. ‘द हॉबिट’मध्ये अंधाऱ्या गुहेत गॉलम या प्राण्याशी कोडी खेळणारा नायक बिल्बो शेवटी ‘माझ्या खिशात काय आहे’ असे विचारतो, तेव्हा तो नेमका हाच डाव टाकत असतो. इथे नाव एकही उचललेले नाही; उचलली आहे ती युक्ती.

पुढचा टप्पा १९७४ चा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर खेळायचा गेम त्या वर्षी प्रसिद्ध झाला, आणि एल्फ, बुटके, ट्रोल यांना त्याने आकड्यांत बसवले. जखमा आपोआप भरून येणारा ट्रोल हा आज सर्वांना नॉर्स वाटतो. प्रत्यक्षात तो गुण या गेमने पोल अँडरसन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीतून घेतला. म्हणून गेममधली एखादी गोष्ट ‘नॉर्स’ आहे असे म्हणण्यापूर्वी ती या पुलावरच जन्मली नाही ना, हे तपासून घ्यावे. कॉमिक्सच्या वाटेचे तर विचारूच नये. १९६२ मध्ये अवतरलेल्या मार्व्हलच्या थॉरने पुढच्या पिढ्यांच्या कल्पनेवर एवढा ताबा मिळवला, की मूळ लाल दाढीचा थॉर पाहून लोक दचकतात.

पायरी चौथी : एक गेम निवडा आणि वहीत तीन रकाने आखा

रकाने असे आखावेत : कोणते नाव घेतले, कोणता नियम घेतला आणि काय बदलले. पहिला रकाना सगळ्यांचाच भरतो. दुसरा आणि तिसरा रकाना किती भरतो, यावरून त्या गेमने कथेशी किती गांभीर्याने व्यवहार केला ते ठरवता येते. पुढे काही कथानकांचे शेवट उघड केले आहेत, त्यामुळे ज्यांना आधी खेळायचे आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडून पुढे जावे.

उदाहरण म्हणून २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ घेऊ. नावांचा रकाना भरगच्च आहे : बाल्डर, फ्रेया, मीमिर, योर्मुनगांडर, ब्रोक आणि सिंद्री. नियमाच्या रकान्यात बाल्डरची अभेद्यता येते, आणि तिचे रूपांतर फार हुशारीने केलेले आहे. मूळ कथेत आईची माया बाल्डरला वाचवते. गेममध्ये आईच्या जादूमुळे त्याला इजा होत नाही, पण त्याबरोबर चव, स्पर्श, वेदना असे काहीच जाणवत नाही आणि तो तिचा द्वेष करतो. मिसलटोचा बाण सिंद्रीकडून मिळतो, फ्रेया तसे बाण दिसताच घाईने नष्ट करते, आणि नायकाचा मुलगा अट्रेयस याच्या भात्याचा पट्टा दुरुस्त करताना वापरलेले एक टोक तेवढे कोणाच्या लक्षात न येता मागे राहते. कोवळे म्हणून सोडून दिलेल्या काडीचा नियम इथे पट्ट्याच्या दुरुस्तीत दडवलेला आहे, आणि ज्याने मूळ कथा वाचली आहे तो खेळाडू तो पट्टा पाहताच सावध होतो.

बदलांच्या रकान्यात फ्रिग आणि फ्रेया यांना एकत्र करून एकच देवी केल्याची नोंद करावी. मीमिरचे तोडलेले डोके बोलत राहते हे मात्र बदल नाही, ते जुन्या साधनांतच आहे. २०२२ मध्ये आलेल्या पुढच्या भागाचे नावच रॅग्नारॉक आहे, आणि ठरलेला शेवट टाळता येतो का, हा प्रश्न त्यात केंद्रस्थानी आहे. दोन्ही भाग आता संगणकावरही खेळता येतात, मात्र ते प्रौढांसाठी आहेत. घरातल्या लहान मुलांना त्यात रक्तपात फार वाटेल.

दुसरा पर्याय २०११ चा ‘स्कायरिम’. त्यातल्या दफनभूमींत जागोजागी ड्रॉगर उठून अंगावर येतात. आइसलँडी सागांमधला, म्हणजे जुन्या गद्य कथांमधला, ड्रॉगर हा असाच देहधारी मृत असतो, भूत किंवा छाया नव्हे. ग्रेत्तिरच्या सागेत नायक एका टेकाडात उतरून तिथल्या मृताशी झुंजतो आणि खजिना व तलवार घेऊन बाहेर येतो, तो प्रसंग वाचताना स्कायरिमचाच एखादा टप्पा वाटतो. पण त्याच सागेत पुढे ग्लाम नावाचा मृत मरता मरता ग्रेत्तिरला शाप देतो आणि त्यानंतर तो बलदंड पुरुष आयुष्यभर अंधाराला घाबरतो. विजयाची ही किंमत स्कायरिमने घेतली नाही. तिथे ड्रॉगर मेला की सोने उचलायचे आणि पुढच्या दालनात जायचे. गेम म्हणून मला तो आवडतो, पण या ठिकाणी त्याने फक्त कातडे उचलले असे म्हणावे लागते.

‘व्हॅलहाइम’ हा २०२१ मध्ये आलेला स्वीडिश गेम मित्रांसोबत खेळण्यासाठी उत्तम. त्यात वाल्कीरी तुमच्या मृत योद्ध्याला दहाव्या जगात आणून सोडते. नऊ जगांची यादीच पक्की नसताना दहावे जोडणे ही कल्पकता दाद देण्याजोगी आहे. पहिला मोठा शत्रू ऐक्थिर हा विजेची शिंगे असलेला सांबरासारखा प्राणी आहे. त्याचे मूळ ‘ग्रिमनिसमाल’ या कवनातल्या ऐक्थिरनिर या हरणात आहे, ते वाल्हाला या ओडिनच्या सभागृहाच्या छतावर उभे राहते आणि त्याच्या शिंगांवरून ठिबकणाऱ्या थेंबांतून सर्व नद्या उगम पावतात. गेमला इथे फक्त नाव आणि शिंगे पुरली. ‘हेलब्लेड’ (२०१७) हा गेम मात्र मन घट्ट करून खेळावा. आपल्या मृत प्रियकराचा आत्मा परत आणण्यासाठी मृतांची राणी हेल हिच्या राज्यात निघालेल्या सेनुआला सतत आवाज ऐकू येतात, आणि मानसिक आजाराचे हे चित्रण करताना निर्मात्यांनी तज्ज्ञांची मदत घेतली होती. फार गुंतायचे नसेल, तर हाताने रंगवलेला छोटासा ‘योतुन’ किंवा जुना ‘एज ऑफ मिथॉलॉजी’ पुरेसा आहे.

पायरी पाचवी : पसरलेले गैरसमज वेळीच काढून टाका

शिंगांचे शिरस्त्राण वायकिंग वापरत नव्हते. ती प्रतिमा रूढ होण्यात जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्यांसाठी १८७६ मध्ये केलेल्या वेशभूषेचा मोठा वाटा आहे. लोकी हा थॉरचा मानलेला भाऊ नाही. कवनांत तो ओडिनचा रक्तशपथेने झालेला बंधू आहे. हेल ही लोकीची मुलगी आहे, ओडिनची नव्हे. युद्धात पडलेले सगळेच वाल्हालात जातात असेही नाही, त्यांतले निम्मे फ्रेयाच्या वाट्याला येतात. ‘वेगविसिर’ म्हणून विकले जाणारे होकायंत्रासारखे चिन्ह वायकिंग काळातले नाही, ते १८६० च्या एका आइसलँडी हस्तलिखितात आढळते. गेममध्ये दिसणारी २४ अक्षरांची रून लिपी ही जुनी आहे. वायकिंग काळात १६ अक्षरांची लिपी चालत असे.

रूनच्या बाबतीत एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. नाझी जर्मनीतल्या एसएस संघटनेने रूनवरून आपले चिन्ह बनवले होते आणि आजही काही वंशवादी गट अशी चिन्हे मिरवतात. आपल्या ऑनलाइन संघाच्या झेंड्यावर किंवा दंडावरच्या टॅटूत एखादे चिन्ह घेण्यापूर्वी त्याचा विसाव्या शतकातला इतिहास तपासावा. युरोपात राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

पायरी सहावी : स्वतः काही रचायचे असेल तर

वहीचे रकाने भरू लागले की अनेकांना स्वतःची कथा किंवा छोटा गेम करावासा वाटतो. ओडिन, थॉर, बाल्डर, इग्द्रासिल हे सगळे कोणाच्याही मालकीचे नाही. पण मार्व्हलने रेखाटलेला थॉर, त्याचा विशिष्ट पोशाख आणि त्याचे संवाद यांवर हक्क आहेत. टॉल्किन यांनी स्वतः निर्माण केलेल्या गोष्टींबाबतही सावध राहावे लागते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांना हक्कदारांच्या हरकतीनंतर ‘हॉबिट’ हा शब्द काढून ‘हाफलिंग’ असे नाव घ्यावे लागले होते. बुटके, एल्फ आणि थोरिन हे नाव जुन्या यादीतले म्हणून मोकळे आहे, मात्र टॉल्किन यांचा थोरिन त्याच्या इतिहासासह उचलता येत नाही. तसेच आधुनिक भाषांतरातली वाक्ये जशीच्या तशी वापरू नयेत, कारण भाषांतरावरही भाषांतरकाराचा हक्क असतो. उद्धृत करायचेच असेल, तर बेलोज यांच्यासारखे जुने, हक्कमुक्त भाषांतर घ्यावे किंवा त्याचा आशय आपल्या शब्दांत मराठीत मांडावा.

रचनेची सुरुवात नावांच्या यादीने करण्याऐवजी एखाद्या नियमाने करून पाहावी. उदाहरणार्थ, तुमच्या नायकाने काय मिळवण्यासाठी काय कायमचे गमावले आहे, आणि त्याला दिलेल्या वचनात कोणता शब्द राहून गेला आहे, हे दोन प्रश्न आधी कागदावर सोडवावेत. टीरचा हात आणि बाल्डरची काडी यांतून एवढे घेतले, तर पात्राचे नाव काहीही ठेवले तरी चालते.